पाउंड: एक स्पेलिंग, तीन शब्द

बेकरीत 'एक पाउंडाचा केक' मागतात, पंक्चरवाल्याला 'पुढे बत्तीस पाउंड हवा भर' सांगतात, लंडनचा पगार पौंडांत मोजतात. इंग्रजी पाककृतीत लसूण 'पाउंड' करायला सांगितलेली असते. मोकाट गुरं धरून नेतात त्या कोंडवाड्यालाही इंग्रजीत पाउंडच म्हणतात. एकाच शब्दाचा अर्थ ताणत ताणत इथवर आला असेल असं वाटतं, पण तसं झालेलं नाही. हे तीन निरनिराळे शब्द आहेत. तिन्ही हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत होते, आणि तिन्हींची घराणी वेगळी होती. चांगल्या इंग्रजी कोशात या शब्दाच्या तीन स्वतंत्र नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर बारीक आकडा असतो. तो आकडा न पाहता पहिल्या नोंदीतला अर्थ उचलला, की भाषांतर फसतं.

आधी तिघांची मूळ रूपं पाहू. वजनाचा शब्द होता 'पुंड'. कोंडवाड्याचा शब्दही 'पुंड'च, पण तो एकटा फारसा दिसत नाही. 'पुंडफाल्ड' अशा जोडशब्दात तो सापडतो. कुटण्याचं क्रियापद होतं 'पूनियान', म्हणजे त्यात 'ड' नव्हताच.

मग तिघं एका जागी कशी आली? जुन्या इंग्रजीत 'ंड' या जोडाआधीचा ऱ्हस्व स्वर पुढे दीर्घ झाला. पुंडचा 'पूंड' झाला, हुंडचा 'हूंड', ग्रुंडचा 'ग्रूंड'. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी या दीर्घ 'ऊ'साठी 'ओ' आणि 'यू' ही दोन अक्षरं जोडून लिहायला सुरुवात केली. पुढे पंधराव्या शतकापासून इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकू लागले आणि 'ऊ'चा 'आउ' झाला. म्हणून आज हाउंड, ग्राउंड आणि पाउंड. जर्मनमध्ये हा बदल झाला नाही. तिथे अजून हुंड आणि ग्रुंडच आहेत, शेवटचा 'ड' तेवढा 'ट'सारखा ऐकू येतो.

'पूनियान'मध्ये दीर्घ 'ऊ' मुळातच होता, त्यामुळे त्याचं आपोआप 'पाउन' झालं. शेवटचा 'ड' मात्र सोळाव्या शतकात मागाहून चिकटला. 'न' म्हणताना जीभ दातांमागे टेकते. ती उचलताना नाकातली हवा क्षणभर आधी थांबली, की 'ड' ऐकू येतो. इंग्रजीत हे पुष्कळदा झालंय. आवाजाचा 'साउंड' हा फ्रेंचमधून 'सून' म्हणून आला, त्यालाही 'ड' असाच लागला. संस्कृत 'वानर'चं हिंदीत 'बंदर' झालं तेव्हा 'न'पाठोपाठ 'द' शिरला, तोही जिभेच्या याच हालचालीतून. हा 'ड' लागला आणि तिसरा शब्द पहिल्या दोघांसारखाच दिसू लागला.

आता पहिला पाउंड, वजनाचा. लॅटिनमध्ये 'लीब्रा पोंडो' अशी जोडी होती. लीब्रा म्हणजे तराजू, आणि त्यावरून एका ठरावीक वजनाचं नाव. पोंडो म्हणजे 'वजनानं'. पुरी जोडी म्हणजे 'वजनानं एक लीब्रा'. जर्मन टोळ्यांनी रोमन व्यापाऱ्यांकडून हे वजन घेतलं, पण नाव म्हणून दुसरा शब्द उचलला. जर्मनमध्ये त्याचं 'फुंट' झालं, कारण त्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' बदलून 'प्फ' झाला होता. तो बदल सहाव्या शतकाच्या सुमाराचा. म्हणजे हा शब्द त्याआधीच त्या भाषांत येऊन बसला होता, आणि इंग्रजांचे पूर्वज ब्रिटनला गेले तेव्हा तो सोबत घेऊन गेले.

गंमत अशी की नाव दुसऱ्या शब्दाचं पडलं आणि खूण पहिल्याची राहिली. वजनाचा पाउंड इंग्रजीत 'एल बी' असा लिहितात, ती लीब्राची पहिली आणि तिसरी मुळाक्षरं. चलनाच्या पौंडाची खूण म्हणजे आडवी रेघ मारलेला एल, तोही लीब्राचाच. ती रेघ शोभेची नाही. हस्तलिखितांत शब्द संक्षिप्त केला की अक्षरावर अशी रेघ ओढायची पद्धत होती. वजनाच्या खुणेवरही तशीच रेघ असायची. ती भराभर लिहिताना आजचं हॅशचं चिन्ह तयार झालं असं मानलं जातं. अमेरिकेत फोनवर ध्वनिमुद्रित आवाज 'पाउंड की दाबा' म्हणतो तेव्हा दाबायचं ते हॅशचं बटण. तिथे नव्यानं गेलेला माणूस पौंडाची खूण शोधत बसतो. ती खूण फोनवर नसतेच.

लीब्रा आपल्या तूळ राशीचंही नाव आहे, आणि पोंडोचं क्रियापद 'टांगणं, तोलणं' या अर्थाचं. पेंडुलम त्यातूनच आला. पेन्शनही त्यातलीच, कारण पैसे देणं म्हणजे चांदी तोलून देणं.

मला या घराण्यात सगळ्यात आवडतो तो आपला 'रतल'. दशमान वजनं येण्याआधी मराठी घरात पाउंडाला रतल म्हणत. शब्द अरबीतून आला, अरबीत तो अरामी भाषेमार्गे ग्रीक 'लित्रा'वरून आला, आणि ग्रीक लित्रा व लॅटिन लीब्रा एकमेकांचे सख्खे. लिटरही त्याच लित्रावरून फ्रान्समध्ये घडला. म्हणजे 'रतलभर साखर, लिटरभर दूध' म्हणणारा माणूस एकाच शब्दाची दोन रूपं बोलत होता, आणि इंग्रज ते 'एल बी' लिहीत होता तेव्हा तेही त्याच घरातलं.

आकड्यांकडे येऊ, कारण इथेच लोक सर्वाधिक चुकतात. पाउंड हे एकच वजन कधीच नव्हतं. रोमन लीब्रा साधारण ३२७ ग्रॅमची, तिचे १२ भाग, एकेका भागाला 'उंकिया'. औंस आणि इंच हे दोन्ही शब्द या उंकियातून निघाले, दोन्हींचा मूळ अर्थ बारावा हिस्सा. इंग्लंडच्या टांकसाळीतला टॉवर पाउंड ५,४०० ग्रेनचा (ग्रेन हे एक बारीक इंग्रजी वजन), म्हणजे सुमारे ३५० ग्रॅम. सोन्याचांदीचा ट्रॉय पाउंड ५,७६० ग्रेनचा, म्हणजे ३७३.२४ ग्रॅम. किराणा, लोकर, लोखंड यांचा पाउंड ७,००० ग्रेनचा. आज नुसतं पाउंड म्हटलं की हाच धरतात. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी तो बरोबर ०.४५३५९२३७ किलो ठरवला. त्याआधी अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या पाउंडात अगदी बारीक फरक होता.

आता हे नीट पाहा. ट्रॉय पाउंडात औंस १२, किराण्याच्या पाउंडात १६. म्हणून सोन्याचा पाउंड हलका आहे, पण सोन्याचा औंस जड आहे. ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅम, साधा औंस २८.३५ ग्रॅम. बातमीत सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव 'प्रति औंस' असतो तो ट्रॉय औंसाचा. पुष्कळ जण त्याला २८.३५ नं भागतात आणि ग्रॅमचा भाव जवळजवळ पावणेदहा टक्क्यांनी जास्त काढतात. मग सराफ स्वस्त देतोय असं वाटायला लागतं. भागायचं ते ३१.१०३५ नं. त्यानंतरच आयात शुल्क आणि जीएसटी जोडायचा.

आपल्या तोळ्याचं गणितही याच ग्रेनला बांधलेलं होतं. १८३३ साली कंपनी सरकारनं रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं आणि तोच तोळा झाला, ११.६६ ग्रॅमचा. असे ८० तोळे म्हणजे एक शेर, ४० शेर म्हणजे एक मण. गुणाकार करून पाहा: १८० गुणिले ८० गुणिले ४० म्हणजे ५,७६,००० ग्रेन. बरोबर १०० ट्रॉय पाउंड. सरकारी मण हा इंग्रजी पाउंडाच्या शंभर पटीत बसवलेला होता. जुन्या कागदांत मण वाचताना मात्र तो सरकारी मण आहे की स्थानिक, हे आधी पाहायला हवं. ठिकठिकाणचे मण वेगळे होते, आणि मुंबईचा मण तर सरकारी मणाच्या निम्म्याहूनही हलका, सुमारे २८ पाउंडांचा.

रोजच्या व्यवहारात पाउंड अजून चार ठिकाणी भेटतो. केकचा पाउंड खरा तर ४५४ ग्रॅमचा. काही दुकानांत 'पाउंड' आणि 'अर्धा किलो' एकच समजतात, काही ठिकाणी नाही. भारतात वजन ग्रॅम-किलोतच सांगायचं असा कायदा आहे, तेव्हा सरळ ग्रॅम विचारावेत. जिममधली ४५ पाउंडांची थाळी २०.४ किलोची असते. जवळच २० किलोची थाळी ठेवलेली असते आणि एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती चढवली की दांडा झुकतो. आजी 'बाळ सात पाउंडांचं झालं' म्हणते तेव्हा ते ३.१८ किलोचं असतं. आणि चाकातली हवा? तिथला पाउंड वजनाचा नाही, जोराचा आहे, एका चौरस इंचावर पडणाऱ्या जोराचा. ३२ पाउंड म्हणजे २.२ बार. पेट्रोल पंपावरचं यंत्र बारमध्ये दाखवत असेल तर हा आकडा लक्षात असलेला बरा.

पैशाचा पौंड हा वजनाच्या पाउंडाचाच मुलगा. पाउंडभर चांदीतून २४० पेनी पाडायचे, म्हणून २४० पेनींचा एक पौंड. टॉवर पाउंडाचे ५,४०० ग्रेन भागिले २४० केले की एका पेनीत साडेबावीस ग्रेन चांदी येते, साधारण दीड ग्रॅम. मधे शिलिंग, १२ पेनींचा, आणि २० शिलिंगांचा पौंड. एक पौंड असं नाणं कित्येक शतकं नव्हतंच. पौंड हा हिशेबातच असायचा, हाताला लागायच्या त्या पेनी. ही पद्धत १५ फेब्रुवारी १९७१ ला संपली आणि पौंडाचे १०० पेन्स झाले. पेनीची जुनी खूण 'डी' होती, रोमन 'देनारियुस'वरून. हाच शब्द पूर्वेकडे दीनार झाला आणि गुप्त काळातल्या कोरीव लेखांतही दिसतो.

व्याकरणाचा एक बारकावा इथे सांगायलाच हवा. इंग्रज म्हातारे 'टेन पाउंड' म्हणतात, 'टेन पाउंड्स' नाही. याला अशुद्ध समजू नका. जुन्या इंग्रजीत पुंड हा नपुंसकलिंगी शब्द होता आणि त्या गटातल्या शब्दांचं अनेकवचन एकवचनासारखंच असायचं. मेंढीचं 'शीप' आणि हरणाचं 'डीअर' याच गटातले. 'फाइव्ह पाउंड नोट' आजही 'एस'शिवायच म्हणतात. आपणही 'दहा किलो', 'दोन रतल' म्हणतो, 'किलोज' म्हणत नाही.

दुसरा पाउंड म्हणजे कोंडवाडा. या शब्दाशी मराठी माणसाची ओळख थेट आहे. 'पुंडफाल्ड'मधला पुंड म्हणजे कोंडणं आणि फाल्ड म्हणजे गुरामेंढरांचं आवार. कोंडणे अधिक वाडा. तुकडा तुकडा जुळतो, आणि कोणी कोणाचं भाषांतर केलेलं नाही. उत्तर इंग्लंडमध्ये याचं 'पिनफोल्ड' झालं आणि तो सांभाळणारा 'पिंडर'. पिंडर हे आज आडनाव आहे.

इंग्लंडच्या खेड्यांत असे दगडी पाउंड अजून उभे आहेत: पुरुषभर उंचीची भिंत, एक फाटक, वर छप्पर नाही. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर धरून तिथे कोंडायचं, आणि नुकसानभरपाई मिळाल्याशिवाय सोडायचं नाही. थकलेल्या भाड्यासाठीही कुळाची गुरं अशीच कोंडत. कायद्यात याचे दोन प्रकार होते. उघड्या पाउंडात जनावर असेल तर चारापाणी मालकानं करायचं, कारण त्याला ते दिसतं आणि तिथे जाता येतं. बंद पाउंडात, म्हणजे कुणाच्या गोठ्यात वगैरे ठेवलं, तर चारापाणी कोंडणाऱ्यानं करायचं. जनावर मेलं तर दोष कोणाचा, हे त्यावरून ठरे. धरलेली गुरं लांब हाकलून मालकाला हैराण करायचे प्रकार होत, म्हणून १५५४ च्या कायद्यानं तीन मैलांची हद्द घातली आणि कोंडण्याची फी चार पेनींपेक्षा जास्त घ्यायची नाही असं ठरवलं.

हीच व्यवस्था इंग्रजांनी हिंदुस्थानात आणली. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा काढून वाचावा असा आहे. शेतकऱ्यानं पिकात शिरलेलं जनावर धरलं तर २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायचं. दंड जनावरागणिक: मूळ कायद्यात हत्तीला दोन रुपये, उंटाला आणि म्हशीला आठ आणे, गाय-बैल-घोड्याला चार आणे, वासराला, गाढवाला, डुकराला दोन आणे, शेळीमेंढीला एक आणा. शिवाय चाऱ्याचा खर्च. सात दिवसांत कोणी आलं नाही तर कोंडवाड्याच्या रखवालदारानं पोलीस ठाण्याला कळवायचं, ठाण्यानं नोटीस लावायची आणि गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. आणखी सात दिवसांत मालक आला नाही तर लिलाव. यात शेतकऱ्याची नेहमीची चूक म्हणजे जनावर दोन-तीन दिवस स्वतःच्या गोठ्यात बांधून ठेवणं. २४ तास उलटले की तोच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

याच पाउंडातून 'इम्पाउंड' निघाला, म्हणजे कोंडवाड्यात घालणं. पुढे कोर्ट कागदपत्रंही 'इम्पाउंड' करू लागलं. मुद्रांक कमी लागलेला दस्त पुढे आला तर अधिकाऱ्यानं तो इम्पाउंड करायचा, असं मुद्रांक कायद्यात आहे. इथे मराठीत सर्रास 'जप्त' लिहितात, आणि ते बरोबर नाही. जप्ती म्हणजे एका क्षणी ताब्यात घेणं. इम्पाउंड म्हणजे अट पुरी होईपर्यंत अडकवून ठेवणं. मुद्रांक शुल्क आणि दंड भरला की दस्त सुटतो, जसं दंड भरल्यावर बैल सुटे. पासपोर्टच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हाच फरक धरला: पोलीस पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात, पण इम्पाउंड करण्याचा अधिकार १९६७ च्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट अधिकाऱ्याचा. 'अटकावून ठेवणे' हे भाषांतर लांब आहे खरं, पण अर्थाला तेच धरून आहे.

पाणी अडवायलाही हाच शब्द. धरणात पाणी साठवणं म्हणजे इम्पाउंड करणं, आणि इंग्लंडच्या कालव्यांत होड्या वरखाली करणाऱ्या दोन लॉकांमधल्या सपाट पाण्याला पाउंडच म्हणतात. तळ्याचा 'पॉन्ड' हे याच शब्दाचं दुसरं रूप. सुरुवातीला पॉन्ड म्हणजे बांध घालून कोंडलेलं पाणी, गिरणीसाठी किंवा माशांसाठी. आपोआप साचलेलं डबकं नंतर त्यात आलं.

तिसरा पाउंड, कुटण्याचा. याचं घराणं अगदी छोटं. डच भाषेतला दगडविटांचा मलबा या अर्थाचा एक शब्द सोडला तर फारसे नातेवाईक सापडत नाहीत. इंग्रजीत एका क्रियापदावर भागतं, मराठीत भागत नाही, आणि इथेच शब्दकोशावर विसंबणारा मार खातो. हळद, मसाला मुसळानं कांडतात. लसूण आणि मिरची ठेचतात. आलं चेचतात. धान्य भरडतात तेव्हा ते जात्यावर, म्हणून तिथे पाउंड लागूच नाही. दारावर कोणी पाउंड करत असेल तर तो दार बडवतो. हृदय धडधडतं, डोकं ठणकतं, आणि नोकरीसाठी रस्ते पाउंड करणारा माणूस पायपीट करतो. पाककृतीत हा शब्द आला की आधी पाहावं, शेवटी काय हवंय: पूड की लगदा? पूड हवी असेल तर जिन्नस कोरडा भाजून, निवल्यावर कांडायचा. गरम असताना कांडला तर वाफेनं ओलसर होऊन उखळाला चिकटतो. लगदा हवा असेल तर जाडं मीठ आधी घालायचं, कारण लसणाची पाकळी मुसळाखाली निसटते आणि मिठाचे खडे तिला धरून ठेवतात.

दोन फसवे शब्द. तोफेला 'ट्वेंटीफोर पाउंडर' म्हणतात ते ती भडिमार करते म्हणून नव्हे. तिचा लोखंडी गोळा २४ पाउंडांचा, जवळपास ११ किलोचा, म्हणून. 'पाउंड केक'ही फेटून करतात म्हणून पाउंड नाही. लोणी, साखर, मैदा आणि अंडी प्रत्येकी पाउंडभर, म्हणून. घरी करायचा तर चौथा हिस्सा पुरतो: प्रत्येकी ११३ ग्रॅम, म्हणजे फोडलेली दोन मोठी अंडी आणि वर थोडंसं. जुन्या कृतीत बेकिंग पावडर नाही, केक फुगतो तो लोण्या-साखरेत फेटून भरलेल्या हवेवर. लोणी थंडगार असेल तर हवा भरत नाही आणि वितळलेलं असेल तर टिकत नाही. अंडी फ्रीजमधून काढून लगेच घातली तर मिश्रण फुटतं.

राहिला आपला 'कंपाउंड'. बंगल्याभोवतीचं कुंपण म्हणजे कंपाउंड, आणि कोंडवाडा म्हणजे पाउंड, तेव्हा नातं असणारच असं कोणालाही वाटेल. पण बहुतेक कोशकार हा शब्द मलय भाषेतल्या 'कांपुंग'वरून आल्याचं सांगतात. कांपुंग म्हणजे वस्ती, वाडी. पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या युरोपीयांनी तो उचलला, आणि इंग्रजांनी त्याला ओळखीच्या कंपाउंडचं रूप दिलं. तो ओळखीचा कंपाउंड वेगळाच, लॅटिन 'एकत्र ठेवणं' या क्रियापदाचा. रसायनशास्त्रातला कंपाउंड आणि चक्रवाढ व्याजाचा कंपाउंड त्याचे, आणि त्याच्या शेवटचा 'ड'ही मागाहूनच लागलेला. दवाखान्यातला कंपाउंडर याच कंपाउंडचा. तो खलात औषध कुटायचा, पण त्याचं नाव पडलं ते औषधं एकत्र करून मिश्रण बनवण्यावरून.